आकाशाविषयी विचारा : मौना केआवरची दुर्बीण का अडली?

प्रश्न : हवाईत होणाऱ्या ३० मीटरच्या 'टीएमटी' दुर्बिणीत भारताचाही पैसा आहे. स्थानिकांच्या अंधश्रद्धेमुळे ती वर्षानुवर्षं अडून पडली आहे, असं आम्हाला एका व्याख्यानात सांगितलं गेलं. आपल्याकडे तर दर डोंगरावर देव आहे. मग काही बांधायचंच नाही का?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : ही दुर्बीण व्हावी असं मलाही मनापासून वाटतं. ३० मीटरचा आरसा एकसंध बनवणं शक्य नाही, म्हणून ४९२ षटकोनी तुकडे शेजारी शेजारी बसवायचे. एकेक तुकडा साधारण दीड मीटरचा, मधल्या फटी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या. वाऱ्याने, गारठ्याने किंवा दुर्बीण कलल्याने एखादा तुकडा केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा सरकला तरी चित्र बिघडतं. म्हणून प्रत्येक कडेला सेन्सर, आणि त्यांनी सांगितलं की तुकडा पुन्हा जागेवर आणणारी यंत्रं. हे सेन्सर, ही यंत्रं, तुकडे तोलणारे सांगाडे, काही आरशांची घासाई आणि सॉफ्टवेअर असं बरंच काम भारताच्या वाट्याला आलं आहे. घासाईची सोय बंगळुरूजवळ होसकोटेला आहे आणि पुण्याची खगोलसंशोधन संस्था 'आयुका' या भागीदारीत आहे. २०१४ च्या डिसेंबरात भारत पूर्ण भागीदार झाला, वाटा साधारण एक दशांश. म्हणजे तिथे जे घडलं त्यात आपणही आहोत.

पण अडलं कुठे, ते तुम्हाला अर्धवट सांगितलं गेलं. गोष्ट जमिनीपासून सुरू होते.

१८९३ साली हवाईची राणी लिलिउओकलानी हिला गोऱ्या व्यापाऱ्यांच्या गटाने गादीवरून उतरवलं. त्या वेळी अमेरिकन नौसैनिक बंदरावर उतरलेले होते. पाच वर्षांनी अमेरिकेने बेटंच ताब्यात घेतली, आणि राजघराण्याच्या व राज्याच्या जमिनी सरकारजमा झाल्या. ही दुर्बीण जिथे व्हायची त्या मौना केआ डोंगराचा माथा त्यातलाच. हे झालं ते बेकायदा होतं, अशी माफी अमेरिकेच्या संसदेने १९९३ साली ठराव करून मागितली. जमीन मात्र परत केली नाही.

१९६८ साली राज्य सरकारने हा माथा हवाई विद्यापीठाला ६५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला. भाडं वर्षाला एक डॉलर. मग एकामागून एक दुर्बिणी आल्या, होता होता १३ झाल्या. देखभाल कशी होती? १९९८ साली राज्याच्याच लेखापरीक्षकांनी अहवाल दिला, त्यात विद्यापीठाने डोंगर नीट सांभाळला नाही, असे कडक ताशेरे होते. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाने तिथली आपली जुनी दुर्बीण काढून घेऊ असं २००९ साली जाहीर केलं, आणि ती जागा मोकळी व्हायला २०२४ उजाडलं. आधीच्या भाडेकरूंनी घर असं वापरलेलं असताना, त्यांच्यापेक्षा मोठा, १८ मजली उंचीचा नवा भाडेकरू आणायचं म्हटल्यावर घरमालकाने हात आडवा केला, तर त्याला अंधश्रद्धाळू म्हणणार का?

श्रद्धा आहेच, आणि ती खोल आहे. ४,२०७ मीटर उंचीचा हा डोंगर हवाईयन लोकांना आकाशपिता वाकेआचा थोरला वंशज वाटतो. पर्यायाने तो त्यांचाही पूर्वज. माथ्यावर हिमदेवी पोलिआहूचा वास मानतात. माथ्याजवळ वायाऊ नावाचं छोटं तळं आहे, तिथे काही घराणी बाळाची नाळ नेऊन ठेवतात. वर पूर्वजांची दफनस्थळंही आहेत. ज्या कुटुंबाची नाळ तिथे आहे, त्याला 'आम्ही तुमच्या फक्त शेजारी बांधतोय' हे पटवणं सोपं नाही, आणि नसावंही.

आता कोर्टकज्जे. परवाना आधी दिला आणि हरकतींची सुनावणी मागाहून घेतली, म्हणून २०१५ च्या डिसेंबरात हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाना रद्द केला. पुन्हा लांबलचक सुनावणी झाली, पुन्हा परवाना निघाला, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने तो चार विरुद्ध एक अशा मताने उचलून धरला. कायद्याने वाट मोकळी झाली.

मग आला १७ जुलै २०१९. माथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसली होती. सत्तरी-ऐंशीतली. कुणी व्हीलचेअरवर, कुणाच्या मांडीवर गोधडी, कारण त्या उंचीवर जुलैतही थंडी असते. तरुणांना त्यांनी बजावलं होतं : तुम्ही मध्ये पडायचं नाही, हात उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही. अधिकारी एकेकाला चालवत किंवा उचलून गाडीत बसवत होते. त्या अधिकाऱ्यांतही हवाईयन होते, आपल्याच समाजातल्या वडीलधाऱ्यांना अटक करत होते. तीसहून जास्त अटका झाल्या, तरी रस्ता मोकळा झाला नाही. पुढे कित्येक महिने तिथे हजारो माणसं येत-जात राहिली.

माझं मत स्पष्ट सांगते. न्यायालयाचा कागद हातात असला तरी नातवंडांसमोर आजीला उचलून नेऊन वेधशाळा बांधू नये. त्या दुर्बिणीतून दिसणाऱ्या पहिल्या दीर्घिका आपल्याला कितीही बघाव्याशा वाटोत. विज्ञानाला घाई नाही. त्या दीर्घिकांचा प्रकाश १३ अब्ज वर्षं वाटेवर आहे.

प्रश्न : हवाईचे लोक पूर्वी ताऱ्यांच्या आधाराने समुद्र ओलांडायचे असं वाचलं. मग त्यांचाच दुर्बिणीला विरोध कसा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : विरोध खगोलशास्त्राला नाही, आणि सगळे हवाईयन एका बाजूलाही नाहीत. दुर्बीण हवी म्हणणारी हवाईयन माणसं सुनावणीत उभी राहिली. आपल्या मुलांना बेटावरच चांगलं शिक्षण आणि नोकऱ्या मिळाव्यात, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. प्रकल्पाने बेटावरच्या विज्ञानशिक्षणासाठी वर्षाला १० लाख डॉलर देऊ केले होते. त्यांचा राजा कालाकाऊआ याने १८७४ साली शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना, पाहायला आलेल्या ब्रिटिश पथकाचं स्वागत केलं होतं, हा दाखलाही ते देतात.

दुसऱ्या बाजूला केआलोहा पिशोटा यांचं उदाहरण घ्या. त्या याच डोंगरावर दुर्बीण चालवण्याच्या नोकरीत होत्या, आणि पुढे विरोधाच्या आघाडीवर राहिल्या. २०१९ च्या एप्रिलमध्ये कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र आलं, त्यात मौना केआवरच्या दोन दुर्बिणींचा हात होता. त्या विवराला 'पोवेही' हे हवाईयन नाव तिथल्याच हवाईयन भाषेच्या एका प्राध्यापकांनी, लॅरी किमुरा यांनी, सृष्टीच्या उत्पत्तीच्या जुन्या स्तोत्रातून काढून दिलं. ही भागीदारी मला फार मोलाची वाटते. त्यानंतर तीन महिन्यांत त्याच रस्त्यावर अटका झाल्या, याचं म्हणूनच अधिक वाईट वाटतं.

प्रश्न : मग ही दुर्बीण आपल्या लडाखमध्ये, हानले इथे का आणत नाहीत? आता नेमकं कुठवर आलंय?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हानलेचा पर्याय म्हणून विचार झाला होता. उंची ४,५०० मीटर, हवा कोरडी, आकाश काळंभोर. तिथली दोन मीटरची चंद्रा दुर्बीण आपले शास्त्रज्ञ होसकोट्यात बसून चालवतात. पण १८ मजली इमारतीचं सामान तिथवर चढवायचं, तेही उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत, हे फार अवघड. शेवटी पर्यायी जागा म्हणून स्पेनच्या ला पाल्मा बेटाचं नाव ठरलं. ती जागा मौना केआपेक्षा बरीच कमी उंचीवर आहे. डोक्यावर बाष्प जास्त राहतं आणि ते अवरक्त किरण अडवतं, त्यामुळे अवरक्त किरणांची काही निरीक्षणं तिथे कमकुवत होतील. माझ्या मते हा तोटा सोसण्यासारखा आहे.

२०२२ साली हवाईने कायदा करून डोंगराच्या कारभारासाठी नवं मंडळ नेमलं, त्यात हवाईयन परंपरा पाळणाऱ्यांना जागा आहेत. २०२८ पासून सूत्रं पूर्णपणे त्यांच्याकडे जातील. हे ५० वर्षं आधी व्हायला हवं होतं. विद्यापीठाचा भाडेपट्टा २०३३ ला संपतो. २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने टीएमटी आणि चिलीत होणारी, अशा दोन महादुर्बिणींपैकी चिलीतलीच पुढे न्यायचं ठरवलं, त्यामुळे टीएमटीचा मोठा आधार गेला. पाठोपाठ स्पेनने, ला पाल्माला येत असाल तर ४० कोटी युरो देऊ, असं जाहीर केलं.

आणि हानलेचं म्हणाल, तर २०२२ साली तिथे अंधार राखण्यासाठी राखीव क्षेत्र जाहीर झालं, तेव्हा गावातल्या तरुण-तरुणींना दुर्बिणी देऊन आकाश दाखवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. पाहुणे आता त्यांच्या अंगणात ग्रह-तारे बघतात.

नाशिकच्या मित्राला एक सुचवते. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आयुकाचे दरवाजे सगळ्यांना उघडे असतात. टीएमटीवर काम करणाऱ्या कुणाला तरी गाठून विचारा, की जागेच्या या वादात भारताने भागीदार म्हणून काय भूमिका मांडली. उत्तर मिळालं तर मला जरूर कळवा, पुढच्या अंकात छापू.