छंदाच्या कॅमेऱ्यासाठी मुदत ठेव मोडावी का?

पाथर्डी फाटा परिसरात राहणाऱ्या आणि अंबडच्या एका कारखान्यात लेखा विभागात काम करणाऱ्या वाचक भगिनींना पोर्ट्रेट छायाचित्रण शिकायचे आहे. हातात येणारा पगार 62,000 रुपये असून त्यातून गृहकर्जाचा हप्ता 21,000, घरखर्च 27,000 आणि एसआयपी 5,000 रुपये जाऊन महिन्याला 9,000 रुपये उरतात. बँकेत 2 लाखांची मुदत ठेव आहे. ती मोडून 1,60,000 रुपयांचा फुल-फ्रेम (प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा असलेला) कॅमेरा व 85 मिमीची लेन्स घ्यावी आणि 25,000 रुपयांच्या कार्यशाळेत नाव नोंदवावे, की कॅमेरा 24 हप्त्यांवर घ्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे. येत्या सिंहस्थात रामकुंडावर येणाऱ्या माणसांचे चेहरे टिपण्याची त्यांची इच्छा आहे.

आपण हा छंद जरूर जोपासावा, असे मी मनापासून सांगतो. माझी हरकत आहे ती फक्त ठेवीला हात लावण्याला.

हप्त्यासह आपला अत्यावश्यक मासिक खर्च 48,000 रुपये आहे. सहा महिन्यांची तरतूद धरली तर राखीव निधी 2,88,000 रुपयांचा हवा, म्हणजे 2 लाखांची ठेव धरूनही आजच 88,000 रुपये कमी आहेत. त्यातून 1,85,000 रुपये काढल्यास उरलेल्या 15,000 रुपयांत घर दहा दिवसही चालणार नाही. घरात कमावणाऱ्या आपण एकट्याच असल्याने हा धोका पत्करू नये.

हप्त्यांचा मार्ग यापेक्षा बरा नाही. वार्षिक 15 टक्के दराने 1,60,000 रुपयांचा 24 महिन्यांचा हप्ता सुमारे 7,758 रुपये पडतो आणि एकूण व्याज 26,000 रुपयांच्या वर जाते. शिवाय शिलकीपैकी जेमतेम 1,200 रुपये हाती राहतात. क्रेडिट कार्डावरील ‘विनाव्याज’ योजनेत बँक व्याज आकारतेच, विक्रेता तेवढी सूट देतो, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क बहुधा ग्राहकालाच भरावे लागते. रोखीने घेतल्यास किंमत किती कमी होईल, हे दुकानदाराला आधी विचारावे.

आपण दादासाहेब फाळके यांचे उदाहरण दिले आहे, आणि नाशिककराला ते सुचणे स्वाभाविक आहे. 1912 मध्ये त्यांनी विमा पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढले, लंडन गाठले आणि चित्रपटाचा कॅमेरा आणला, हे खरे आहे. मात्र त्यापूर्वी बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले होते, गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय आणि पुढे छपाईचे कामही त्यांनी केले होते. एवढ्या अनुभवानंतर त्यांनी ते भांडवल नव्या धंद्यात घातले. आपण अजून मोबाइलवर शिकत आहात आणि उत्पन्नाचा हेतू नाही, असे आपणच लिहिले आहे. त्यामुळे ‘दोन ऑर्डरी मिळाल्या की पैसे वसूल’ हा आपल्या दिरांचा हिशेबही बाजूला ठेवावा.

घसारा म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. कॅमेऱ्याच्या बॉडीची किंमत नवे मॉडेल आले की झपाट्याने उतरते, चांगली लेन्स मात्र बरीच वर्षे मोल टिकवून धरते. क्रॉप सेन्सरच्या (लहान सेन्सर असलेल्या) जुन्या बॉडीवर 1.8 अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत घेणारे छिद्र मोठे उघडणारी) 50 मिमीची लेन्स लावली तर फुल-फ्रेमवरील 75 ते 80 मिमीइतकी चौकट मिळते, आणि चेहऱ्यासाठी ती उत्तम असते. अशी जोडी साधारण 40,000 रुपयांत जमवता येते. पार्श्वभूमी थोडी कमी धूसर होईल, परंतु चेहऱ्यावरचा प्रकाश ओळखायला त्याने काही अडत नाही. त्यासाठी जुन्या नाशिकातील एखाद्या वाड्याची खिडकी, समोरच्या बाजूला धरलेला पांढरा पुठ्ठा आणि निवांत बसणारे एखादे माणूस पुरेसे आहे. समोरच्या व्यक्तीची परवानगी घेणे, तिचे अवघडलेपण जाईपर्यंत बोलत राहणे आणि डोळ्यांवर अचूक फोकस साधणे, या गोष्टी सरावानेच अंगवळणी पडतात. ती सुरुवात आपण मोबाइलवर याच रविवारी करू शकता.

म्हणून माझा सल्ला असा: शिलकीतील 5,000 रुपयांची आवर्ती ठेव कॅमेऱ्यासाठी सुरू करावी आणि 4,000 रुपये राखीव निधीत टाकावेत. आठ महिन्यांत पहिली जोडी हाती येईल आणि 22 महिन्यांत निधीतील तूट भरून निघेल; दिवाळीचा बोनस मिळाल्यास तो निम्मा-निम्मा वाटावा. एसआयपी थांबवू नये. कार्यशाळेचा विचार कॅमेरा हाताळून झाल्यावर करावा आणि प्रत्यक्ष माणसासमोर सराव किती तास मिळणार, हे विचारूनच शुल्क भरावे.

सिंहस्थासाठी 85 मिमीची लेन्स हवीच असेल, तर ती त्या दिवसांपुरती भाड्याने घ्यावी आणि गर्दीच्या काळात ती मिळणे कठीण असल्याने बरीच आधी ठरवून ठेवावी. जुना कॅमेरा घेताना शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उघडले तो आकडा) तपासावा, लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशी नाही याची खात्री करावी आणि मूळ बिल मागून घ्यावे. पावसाळ्यात सामान सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावे. घराचा विमा असल्यास त्यात घराबाहेर नेलेल्या कॅमेऱ्याची चोरी किंवा मोडतोड समाविष्ट होते का, आणि वापरलेल्या कॅमेऱ्याची किंमत कशी धरली जाते, याचे लेखी उत्तर विमा कंपनीकडून खरेदीपूर्वीच घ्यावे.