सोलापूरच्या बोअरच्या पाण्यावर हायड्रोजनचा इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र) चालेल का? सॉफ्टनर बसवला तर पुरेल का?

थेट बोअरचं नाही चालणार, आणि नुसत्या सॉफ्टनरनेही भागणार नाही. आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेसुरले क्षारांचे आयन काढणाऱ्या रेझिनचा, टप्पा हवाच. मी पीईएम इलेक्ट्रोलायझरच्या, म्हणजे आत प्रोटॉन जाऊ देणारा पातळ पडदा (मेम्ब्रेन) असलेल्या प्रकाराच्या, चाचणीचं काम करतो. त्यात पाण्याची विद्युतवाहकता (विरघळलेले क्षार जास्त तितकी ती जास्त) साधारण १ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या खाली ठेवावी लागते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात मीटर बुडवा, आकडा सहज हजाराच्या घरात जातो. डाइंगवाल्यांकडचा सॉफ्टनर कॅल्शियम, मॅग्नेशियम काढतो खरा, पण त्याजागी सोडियम सोडतो. टॉवेलच्या रंगाला ते चालतं, पडद्याला नाही. पडद्यातून प्रोटॉन जायचे असतात, त्यांच्या जागा हे धातूचे आयन अडवून बसतात. मग तेवढ्याच करंटला व्होल्टेज वाढत जातं आणि विजेचं बिलही. लोखंड तर त्याहून वाईट, ते पडद्याचं रसायनच हळूहळू खातं. जंग धरलेल्या एका जोडामुळे तांबूस झालेला पडदा मी हातात धरलाय. तो धुऊन परत येत नाही. म्हणून डीआयनंतरची सगळी पाइपलाइन प्लास्टिकची किंवा चांगल्या स्टेनलेसची ठेवा.

पाण्याचा हिशेबही आधी करा: १ किलो हायड्रोजनला रासायनिक गणिताने ९ लिटर लागतं, आरओचं वाया जाणारं पाणी आणि कूलिंग वेगळं. उन्हाळ्यात टँकरवर असाल तर हा आकडा बोचेल.

अल्कलाइन प्रकारचा, म्हणजे क्षारीय द्रावणावर चालणारा, इलेक्ट्रोलायझर घेणार असाल तर शुद्धतेची अट थोडी सैल असते, पण आरओ तिथेही सुटत नाही.