मे महिना, तीन खोल्या आणि एकच टाकी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या केरीला किनाऱ्यालगत घर, तीन खोल्या पाहुण्यांना देता, मे महिन्यात भाचरंही सुट्टीला येतात. मग दुपारी टाकी कोरडी, चादरींवर पिवळे डाग, एसी लावले की वीज ट्रिप, आणि घरात चिडचिड. बुकिंग कमी करावं का? माझं मत: २० मेपर्यंत नको. आधी घराचं पाणी आणि पाहुण्यांचं पाणी वेगळं करा. निम्म्या कटकटी तिथूनच निघतात.

हिशेब मांडून बघा. सहा पाहुणे, समुद्रावरून आल्यावर प्रत्येकाची जादा अंघोळ, माणशी १५० लिटर धरले तर ९००. घरचे पाच आणि मुलं चार, माणशी १०० धरले तरी आणखी ९००. वॉशिंग मशीनच्या दोन फेऱ्या आणि लादी पुसणं मिळून दोनशे. रोजचे दोन हजार लिटर झाले. हे सगळं एकाच टाकीतून जात असेल तर एका खोलीतला गळका फ्लश तुमच्या स्वयंपाकघराचं पाणी पळवतो आणि कळतही नाही. हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या बसवा. मधल्या पाइपाला व्हॉल्व्ह ठेवा आणि तो बंदच असू द्या. फ्लश गळतोय का हे बघायला कोकमाचं अर्धी वाटी आगळ फ्लशच्या टाकीत ओता आणि १५ मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात लाल रंग उतरला तर आतलं रबर गेलं आहे. ते बदलायला फार खर्च नाही. प्रत्येक खोली रिकामी झाली की ही तपासणी करा.

विहिरीच्या बाबतीत मात्र घाई महागात पडते. किनाऱ्याजवळ गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. तासभर सलग पंप चालवला की गोड्याचा थर पातळ होतो आणि खारं वर ओढलं जातं. एकदा विहीर मचूळ झाली की पाऊस पडेपर्यंत नीट सुधारत नाही. म्हणून पहाटे २० मिनिटं आणि संध्याकाळी २० मिनिटं, असंच चालवा. गाठी मारलेली दोरी सोडून रोज पातळी मोजा. फुटव्हॉल्व्हवर (पंपाच्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप) निदान मीटरभर पाणी राहिलंच पाहिजे. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) घ्या आणि आठवड्याला आकडा वहीत लिहा. पिण्याच्या पाण्यासाठी ५००च्या आत चांगलं. पण नुसत्या आकड्यापेक्षा तो चढतोय का हे महत्त्वाचं: ३००चा आठवड्यात ५०० झाला तर दोन दिवस टँकर मागवा आणि विहिरीला विश्रांती द्या. शोषखड्डा विहिरीपासून १५ मीटरच्या आत असेल तर आधी तो हलवा, बाकी सगळं नंतर.

वाळूसाठी अंगणात शिरतानाच गुडघ्याएवढ्या उंचीचा नळ लावा आणि त्याचं पाणी माडाच्या आळ्यात सोडा. माडाला उन्हाळ्यात चार दिवसांआड चाळीसेक लिटर लागतातच. वाळू न्हाणीघरात गेली की ट्रॅप तुंबतो, मशीनमध्ये गेली की तिचा ड्रेन पंप जातो.

आता चादरींचे डाग. तुम्ही लिहिलंय की ब्लीच घातल्यावर डाग अजून गडद झाला. तसंच होणार. तो घामाचा डाग नाही, सनस्क्रीनचा आहे. बऱ्याच सनस्क्रीनमध्ये एव्होबेन्झोन असतं. पाण्यातल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की गंजासारखा पिवळा-नारिंगी रंग येतो, आणि क्लोरीनने तो आणखी पक्का होतो. आपल्याकडच्या बऱ्याच विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात लोह असतंच. आधी भांडी घासायचं लिक्विड डागावर कोरडंच चोळा, २० मिनिटांनी कोमट पाण्याने काढा, म्हणजे तेलकटपणा जाईल. मग लिटरभर गरम पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड (नसेल तर लिंबू-मीठ) घालून अर्धा तास बुडवा, खळबळून उन्हात टाका. डाग निघेपर्यंत इस्त्री करू नका. पांढऱ्या टॉवेलांचा हट्टही सोडा. समुद्रावर न्यायला रंगीत सुती पंचे वेगळे द्या. प्रत्येक पलंगासाठी चादरींचे तीन जोड हवेत: एक अंथरलेला, एक दोरीवर, एक कपाटात.

विजेचं सोपं आहे. दीड टनाचे तीन एसी म्हणजे साधारण साडेचार किलोवॅट. त्यात इस्त्री आणि पंप आला की मंजूर भार ओलांडतो. तो बिलावर छापलेला असतो, बघून घ्या. मे महिन्यात गिझर बंदच ठेवा, इस्त्री आणि पंप सकाळी उरका. एमसीबी (जादा भाराने पडणारा स्विच) पडत असेल म्हणून मोठा बसवू नका, वायर जळेल. आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) पडत असेल तर बाहेरच्या युनिटचे टर्मिनल खाऱ्या हवेने खाल्लेत का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

जेवणाची ऑर्डर आदल्या रात्रीपर्यंतच घ्या. मुलं साडेबाराला, पाहुणे दीडला. बांगडे आणायला जाताना बर्फाचा डबा न्या, किलोभर मासळीला किलोभर बर्फ. बांगडा उन्हात राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. तासाभरात चेहरा लाल होतो, खाज सुटते, आणि पाहुणा म्हणतो मला मासळीची ॲलर्जी आहे. खोली १० वाजता रिकामी, नवा पाहुणा ४ नंतर. २ ते ४ घराने झोपायचं. आजी-मुलांची ती झोप गेली की संध्याकाळ कोणाचीच धड जात नाही.

नोंदणीबद्दल एवढंच: पर्यटन खात्याकडे नोंद हवीच, आणि परदेशी पाहुणा आला की २४ तासांत ऑनलाइन माहिती भरायची. तेरेखोल नदीच्या मुखाकडे, विशेषतः ओहोटीला, कोणालाही पोहायला जाऊ देऊ नका. घरच्या मुलांना पाहुण्यांबरोबर तर नाहीच.

२० मेनंतर खोल्या बंद करा. तेव्हा अंगण सोलांना (कोकमाच्या सालींना) आणि खाऱ्या मासळीला लागतं, आणि त्या वासात पाहुण्यांची सोय होत नाही. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणून पुरुमेंत (पावसाळ्याची साठवण) त्याआधीच व्हायला हवं. पाऊसही जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. कौलं परतणाऱ्याला एप्रिलमध्येच सांगून ठेवा, मेच्या शेवटी तो कोणाच्याच हाती लागत नाही.