फोटोवाल्याला विचारा : ड्रोन राहू द्या, आधी खुर्ची बघा

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन येत्या मार्गशीर्षात वाईला घरीच करायचं ठरलंय. पुणे, बडोदा, दुबई मिळून आम्ही ३१ जण जमणार. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहवत नाही. पुण्याच्या एका टीमने ड्रोन, व्हिडिओ आणि अल्बम धरून ४५,००० सांगितले. गावातला स्टुडिओवाला १४,००० म्हणतो, पण त्याच्या इन्स्टाग्रामवर दोन वर्षांत काही नाही. दीर म्हणतात, सगळ्यांकडे भारी फोन आहेत, फोटोग्राफर हवाच कशाला? जाऊबाईंना फोटो मेणवलीच्या घाटावर हवेत. कुणाला बोलवू?
— एक सूनबाई, वाई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं कामाचं वाक्य गुडघ्यांचं आहे. ड्रोनला वरून मांडव दिसेल आणि शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसेल. सासरे दिसायचे नाहीत.

ऐंशी ओलांडलेला माणूस प्लास्टिकच्या खुर्चीत बसला की दोन मिनिटांत खाली सरकतो. खांदे पडतात, उपरणं एका बाजूला जातं, हनुवटी छातीला टेकते. हे ज्याच्या नजरेला पडतं, आणि जो लांबून ‘आजोबा, स्माइल!’ असं ओरडण्याऐवजी जवळ जाऊन पाठीशी उशी देतो, कानाशी वाकून बोलतो, तो तुमचा फोटोग्राफर. मग तो पुण्याचा असो नाहीतर गणपती आळीतला. माझा कल गावातल्याकडे आहे, पण आधी त्याच्या दुकानात जाऊन या.

गेलात की निवडक फोटो बघू नका. चांगले दहा फोटो कुणाकडेही निघतात. एखादी वास्तुशांत किंवा साठीशांत घ्या आणि त्या दिवसाचं सगळं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवायला सांगा. म्हातारी माणसं कशी आलीत ते बघा. चष्म्याच्या काचेत फ्लॅश चमकतोय का? मागच्या रांगेतले चेहरे धूसर आहेत का? ग्रुपच्या कडेला उभी असलेली काकू उगाच रुंद दिसतेय का? ती काकूची चूक नसते. जागा कमी पडली म्हणून वाइड लेन्स लावली की कडेचे चेहरे ताणले जातात. चांगला माणूस स्वतः मागे सरकतो, नाहीतर खुर्च्या अंगणात काढायला लावतो. मागची रांग धूसर येते ती पार्श्वभूमी ‘ब्लर’ करायच्या हौसेपायी. तीन रांगांच्या फोटोला ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं ठेवायचं तो आकडा, एफ ८ च्या आसपास लागतं. त्याला विचारा, ‘तीन रांगा असल्या तर किती ठेवता?’ उत्तर पटकन आलं तर हात शिकलेला आहे.

इन्स्टाग्रामचं म्हणाल, तर तालुक्याच्या गावातल्या बऱ्याच स्टुडिओवाल्यांची गिऱ्हाइकं तोंडी ओळखीतूनच येतात. ते मनावर घेऊ नका. गावातल्या माणसाचा खरा फायदा वेगळाच आहे. तुमच्या गुरुजींबरोबर त्याने आधी काम केलेलं असण्याची शक्यता दांडगी. ८१ दिव्यांचं औक्षण कधी, तुलादान कधी, पणतू असेल तर सोन्याची फुलं कधी उधळणार, हा क्रम त्याला पाठ असतो. ती फुलं नखाएवढी असतात आणि क्षणात खाली येतात. तेव्हा कॅमेरावाला बॅटरी बदलत बसला तर गुरुजी काही पुन्हा उधळा म्हणणार नाहीत. औक्षणाच्या वेळी मात्र त्याला सांगून ट्यूबलाइट आणि फ्लॅश दोन्ही बंद ठेवा. एवढ्या दिव्यांचा उजेड चेहऱ्यावर पडलेला असताना वरून पांढरा फ्लॅश मारणारे लोक मी पाहिलेत, आणि मला त्यांचा राग येतो.

मोठा ग्रुप फोटो विधीच्या आधी उरका. होमानंतर डोळे लाल, जेवणानंतर अर्धे लोक आडवे आणि दुबईवाले गाडीची वेळ बघत बसलेले. सकाळी साडेआठच्या सुमाराला घराच्या सावलीत, समोर मोकळं आभाळ असेल अशा जागी खुर्च्या मांडा. आंब्याखाली नको, पानांतून कवडसे पडून चेहऱ्यावर ठिपके येतात. सासरे-सासूबाई मधोमध, दोन्हीकडे लेकी-सुना-जावई, मागे उभी माणसं, पुढे सतरंजीवर पोरं. सासऱ्यांना सगळ्यात शेवटी आणून बसवा. बाकीचे तीस जण जागेवर उभे राहीपर्यंत त्यांना ताटकळत ठेवायचं नाही. फोटोग्राफर स्टुलावर चढला तर मागचे चेहरे नीट दिसतात. एवढ्या माणसांत कुणाचे ना कुणाचे डोळे मिटतातच, म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून एकाच जागेवरून आठ-दहा फोटो घ्यायला सांगा. नंतर एका फोटोतला चेहरा दुसऱ्यात बसवता येतो. कुणाकुणाचे वेगळे गट हवेत याची यादी आदल्या दिवशीच त्याच्या हातात द्या, आणि माणसं गोळा करायला मोठ्या आवाजाचा एखादा भाचा नेमा. फोटोग्राफरला आत्या कोण आणि मावशी कोण हे कसं कळणार?

मेणवलीचा घाट सुरेख आहे. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचं पाणी आणि वसईच्या पोर्तुगीजांकडून आणलेली ती मोठी घंटा, जाऊबाईंचं काही चुकत नाही. पण तिथे पायऱ्या आहेत. सासऱ्यांना त्या उतरवू नका. हौशी मंडळींनी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जावं, धुकंही मिळेल.

दिरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नातवंडांचे फोन चालू राहू द्या. आजोबा पेढा पळवतात तो क्षण त्यांनाच मिळेल. पण भिंतीवर लावायच्या फोटोसाठी कॅमेराच हवा. २४ मेगापिक्सेलचा फोटो १२ बाय १८ इंचांवर खणखणीत छापला जातो, आणि हा आकार कॅमेऱ्याच्या चौकटीशी तंतोतंत जुळतो. १२ बाय १५ ची फ्रेम आणलीत तर कडेचे दोन जावई कापले जातील.

१४,००० मध्ये काय काय येतं ते लिहून घ्या : मदतनीस आहे का, एडिट केलेले फोटो किती, अल्बमची पानं किती, फाइल पेनड्राइव्हवर मिळणार का आणि किती दिवसांत. मदतनीस नसेल तर थोडे पैसे वाढवून देऊन एक घ्यायला लावा. लाइट धरायला आणि पदर सारखे करायला दुसरं माणूस लागतंच. आणि एडिटिंगला बसण्याआधीच बजावा : सासऱ्यांच्या सुरकुत्या पुसायच्या नाहीत, मागे स्वित्झर्लंडचं आभाळ लावायचं नाही.

प्रश्न : मुलीच्या बारशाचे फोटो काढून घेतले. आता फोटोग्राफर म्हणतो, ‘फोटोंवर हक्क माझा,’ आणि तिचा फोटो दुकानाच्या काचेत लावलाय. कॅमेऱ्यातली मूळ, एडिट न केलेली रॉ फाइलही देत नाही.
— एक वाचक, भोर

उत्तर : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ त्याला दाखवा. पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. म्हणजे तुमचा. तेव्हा काचेतला फोटो काढा असं त्याला निःशंक सांगा. आधी तोंडी, नाही ऐकलं तर लेखी. एखाद्या पावतीवर किंवा बुकिंगच्या कागदावर बारीक अक्षरात वेगळं काही लिहिलेलं नाही ना, तेवढं मात्र आधी बघून घ्या.

रॉ फाइलची गोष्ट निराळी. हक्क तुमचा म्हणून कच्चा माल त्याने द्यायलाच हवा असं होत नाही, ते आधी ठरवावं लागतं. बहुतेक जण देत नाहीत, आणि त्यात लबाडी असतेच असं नाही. रॉ फोटो फिका दिसतो, साध्या फोनवर धड उघडत नाही, आणि असा फोटो नातेवाइकांत फिरला की नाव फोटोग्राफरचं खराब होतं. तुम्ही पूर्ण आकाराच्या जेपेग फाइल मागा. त्या व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नकोत, तिथे आकार कमी होतो. पेनड्राइव्ह घेऊन जा आणि दुकानातच उघडून बघा.