अमेरिकेत ऐतिहासिक ठरलेल्या घराच्या मालकाला शहराच्या वारसा जतन आयोगाच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येतं का?

येतं. पण आधी निर्णय कोणाचा आहे ते बघा. नॅशनल रजिस्टरमध्ये, म्हणजे ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत, घराचं नाव आलं म्हणून खासगी मालकावर आपोआप बंधन येत नाही. शिवाय एकट्या घराचीच नोंद होणार असेल आणि मालकाने नोटरीकडून साक्षांकित हरकत दिली तर ते तिथे नोंदवलं जात नाही. खरी अडचण स्थानिक कायद्याची. खिडकी बदलायची किंवा मजला चढवायचा तर शहराच्या आयोगाची परवानगी लागते.

ती नाकारली तर अपील कुठे करायचं, हे त्या शहराच्या नियमांत असतं: कुठे नगर परिषद, कुठे अपील मंडळ, त्यानंतर न्यायालय. मुदत फार कमी असते, ती चुकली की चांगली केसही गेली.

लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे न्यायालय बहुधा नव्याने पुरावा घेत नाही, आयोगासमोरची कागदपत्रंच तपासतं. म्हणून अंदाजपत्रक, अभियंत्याचा अहवाल, फोटो, सगळं पहिल्या सुनावणीतच दाखल करा. 'मला आवडत नाही' याला तिथे काडीची किंमत नाही. आर्थिक अडचणीची तरतूद असेल तर तो अर्ज वेगळा करावा लागू शकतो.

'माझी मालमत्ता हिरावली' या मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नका. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर टॉवर बांधू न दिल्याबद्दल पेन सेंट्रल कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९७८ मध्ये हरली.