तांबेऱ्याची बुरशी आणि वाळूत राहणारा मार्सुपियल मोल यांच्यात साम्य आहे का?

गव्हावर तांबेरा पाडणारी बुरशी आणि ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला आंधळा मार्सुपियल मोल (पिल्लांसाठी पिशवी असलेला, वाळू खणणारा छोटा सस्तन प्राणी) यांची तुलना होऊ शकते का, असे तुम्ही विचारले आहे. होऊ शकते, आणि हेच सांगण्यापायी मी एकदा दोन गुण गमावले आहेत.

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी मी लिहिले होते की, नात्याने बुरशी गव्हापेक्षा गहू खाणाऱ्या उंदराला जवळची आहे. बाईंनी त्या वाक्याभोवती लाल वर्तुळ काढले, आणि मी उत्तरपत्रिका घेऊन गेले तेव्हा भर वर्गात विचारले, "मग उद्या भूछत्राला पिल्ले होतील का?" सगळे हसले. वास्तविक बुरशीच्या पेशीभित्तिकेत वनस्पतींसारखे सेल्युलोज नव्हे, तर किड्यांच्या कवचात असते तेच कायटिन असते. तिची साठवणही स्टार्चची नसून आपल्या यकृताप्रमाणे ग्लायकोजेनची असते. आणि बाल्डॉफ व पामर या शास्त्रज्ञांनी प्रथिनांच्या आधारे हे नाते १९९३ मध्येच, म्हणजे माझ्या परीक्षेच्या बऱ्याच आधी, मांडले होते. बाईंची टिपणे त्याहून जुनी होती, एवढाच माझा दोष.

राहता राहिली तुमची तुलना. दोघेही स्पर्शावर जगतात. मोलचे डोळे कातडीखाली निकामी होऊन पडलेले असतात. तो नाकावरच्या कठीण ढालीने आणि फावड्यासारख्या दोन नख्यांनी वाळू सारत जातो, आणि मागची वाट लगेच बुजते. मादीची पिशवी मागे उघडते, त्यामुळे तिच्यात वाळू भरत नाही. तांबेऱ्याच्या बीजाणूतून निघालेला तंतू पानाचा उंचसखलपणा चाचपत पर्णरंध्र गाठतो, आत शिरतो आणि पेशीची भिंत भेदतो, पण आतले पटल फाडत नाही. ते बोटाने फुगा दाबावा तसे आत ढकलून तिथूनच अन्न शोषतो. घर न मोडता घरात राहण्याची ही युक्ती मला मोलच्या खोदकामापेक्षा सरस वाटते.

अर्थात, जवळचे नाते म्हणजे सारखेपणा नव्हे. या दोघांचा सामाईक पूर्वज सुमारे शंभर कोटी वर्षांमागचा आहे. शिवाय तुमच्या मनात तांबेऱ्याऐवजी बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा असेल, तर वरचे नात्याचे सगळे विवेचन बाद समजावे, कारण तो जीव दिसायला बुरशीसारखा असला तरी बुरशी नाही, आणि त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोजच असते. करप्याबद्दल तसे लिहून मी गुण गमावले असते, तर बाईंशी चकार शब्दाने भांडले नसते.