कागदाची कड

प्रश्न: एआयने बनवलेले फोटो, व्हिडिओ पाहून आता कशावर विश्वास ठेवावा तेच कळेनासं झालंय. त्यात आजचे काही कलाकारही मुद्दाम खोटे फोटो बनवतात आणि त्याला कला म्हणतात. मग फसवणाऱ्यांत आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

उत्तर: तुमचा राग अगदी रास्त आहे. मी अकरा वर्षं फोटो रिटचिंग केलं. नको असलेला माणूस फोटोतून असा पुसायचा की मागमूस राहता कामा नये, हीच आमची कारागिरी. म्हणून टोमास डेमांड या जर्मन कलाकाराचं काम पाहून मी चपापले. बातम्यांमध्ये छापून आलेल्या फोटोतली जागा तो कागद-पुठ्ठ्यातून खऱ्या आकारात उभी करतो, तिचा फोटो काढतो आणि मॉडेल मोडून टाकतो. १९८७ साली जिनिव्हाच्या हॉटेलात एक जर्मन राजकारणी बाथटबमध्ये मृत सापडला होता. त्या गाजलेल्या फोटोवरून डेमांडने १९९७मध्ये ‘बाथरूम’ केलं. त्यात माणूस नाहीच. टब, निळसर टाइल्स, चुरगळलेलं पायपुसणं, एवढंच. आधी सगळं खरं वाटतं. मग नजर रेंगाळली की कागदाची कड दिसते. कुठे डाग नाही, ओरखडा नाही, वापराची एकही खूण नाही. ती कड झाकणं त्याला अवघड नव्हतं. त्याने ती ठेवली. मी मात्र जन्मभर झाकत आले.

सगळेच असे नसतात, हेही खरं. नॉर्वेचा छायाचित्रकार योनास बेंडिक्सन उत्तर मॅसेडोनियातल्या वेलेस गावी गेला. २०१६च्या अमेरिकी निवडणुकीत खोट्या बातम्यांचा धंदा तिथून चालला होता. रिकाम्या जागांचे फोटो काढून त्यात त्याने कॉम्प्युटरवर घडवलेली माणसं आणि अस्वलं बसवली. काही मजकूरही मशीनकडून लिहून घेतला. २०२१मध्ये त्या फोटोंचं पुस्तक आलं, फ्रान्समधल्या पेर्पिन्यांच्या छायाचित्र महोत्सवात दाखवलंही गेलं. रोज फोटोंतच वावरणाऱ्या मुरलेल्या लोकांनीही हरकत घेतली नाही. शेवटी त्याने खोट्या नावाने स्वतःवरच लबाडीचा आरोप केला आणि त्याच वर्षी सगळं कबूल केलं.

माझ्या मते फरक या कबुलीत आहे. फसवणारा ती कधीच देत नाही. तरी डेमांडची कड चित्रातच असते आणि बेंडिक्सनची कबुली काही महिन्यांनी आली. तेवढा काळ वेलेसची खरी माणसं त्या बनावट चेहऱ्यांनी ओळखली जात होती. ते मला अजूनही खुपतं.